गुवाहाटी फक्त सव्वादोन तास

इंदूर ते गुवाहाटी हवाई अंतर साधारण साडेसोळाशे किलोमीटर, वेळ सव्वादोन तास, असं एका वेबसाइटने मला सांगितलं. थेट विमान नाही, ही किरकोळ बाब मात्र सांगितली नाही. पण जाणं भागच होतं. तिकडे नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या आणि भावजयीच्या, निखिल-मेघनाच्या मुलीचं बारसं होतं, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या एकच, मी. महिनाभर तिथेच असलेल्या आईची एक अट होती, नाव दिवेलागणीच्या आत ठेवायचं.

गुवाहाटी पूर्वेला आहे, म्हणून विमानाने मला आधी पश्चिमेला, मुंबईला नेलं. स्वस्त तिकिटाचं भूगोलाशी काही देणंघेणं नसतं. सोडायला आलेल्या नवऱ्याने हिशोब मांडला, "चारला उतरशील, साडेपाचच्या आत घरी. डिसेंबर असला तरी तोवर उजेड राहतोच. तू टेन्शन मत ले."

शेवेच्या पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या एका काकांनी न विचारताच दुजोरा दिला, "भिया सही के रिये हैं."

जाणाऱ्यांसाठी सूचना. दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा आणि पराठे घरून न्या. विमानतळावरच्या एका सँडविचच्या पैशात इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत अख्खं कुटुंब जेवतं.

विमान वेळेवर उतरलं. बॅग घेऊन ऐटीत बाहेर आले, तर सूर्य मावळत होता. घड्याळ देशभर एकच, पण पूर्वेला सूर्य लवकर उगवतो आणि मावळतोही लवकर. घरात दोन इंजिनिअर असून हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. टॅक्सी गर्दीत अडकली तेव्हा मला सरळ रडू यायला लागलं. त्यात निखिलचा फोन.

"ताई, अंधार झाला गं. मेघनाची बहीण नाव सांगायला तयार आहे. आई पाळण्याजवळून हलत नाहीये."

पोहोचले तर फ्लॅटमध्ये काळोख. वाटलं, लाइट गेली. आत पाहुणे चिडीचूप बसलेले आणि पाळण्याची दोरी धरून आई.

"आई, दिवे?"

"लावलेच नाहीत. लावल्याशिवाय दिवेलागण कसली? हातपाय धू आणि ये."

जन्मभर आम्हाला नियमांनी जेरीस आणलेली हीच बाई. मी अंधारात चाचपडत वाकले आणि कुर्रर्र करून बाळाच्या कानात सांगितलं, रेवा. पाठीवर रिवाजाप्रमाणे धपाटे पडले, त्यातला सगळ्यात सणसणीत आईचा होता. मग तिने समई लावली.

ब्रह्मपुत्रेवरची बोट, डोंगरावरचं देऊळ, सगळं रीतसर पाहिलं. फोटो छान आलेत. आता इंदूरला परतून आठवडा झाला, ऑफिसात सगळे विचारतात, गुवाहाटी कशी आहे. चांगली आहे, लांब आहे. रोज संध्याकाळी मी व्हिडिओ कॉलवर "रेवा" म्हणून हाक मारते आणि ती पंख्याकडे बघते. कडेवर असती तर माझ्याकडे बघितलं असतं.