झाकणाचा फोन आणि एक बारसं

“माझं तोंड त्येन्ला दिसतंय, पर आवाज जात न्हाई,” असं म्हणत हिराबाईंनी फोन काउंटरवर ठेवला. गेल्याच आठवड्यात माझ्याच दुकानातून नेलेला.

जामखेडला माझं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. हा फोन नवीनच आला होता. झाकणाचा, म्हणजे फ्लिप. आत आकड्यांची बटणं, पण काम स्मार्टफोनचं. इंटरनेटवरून व्हिडिओ कॉलसुद्धा होतो. उघडला की कॉल उचलला, मिटला की कट. एजन्सीचे साहेब म्हणाले होते, “मॅडम, कॉलेजची पोरं फॅशन म्हणून उड्या टाकतील.” कॉलेजच्या पोरांनी ढुंकूनही पाहिलं नाही. घेतला तो हिराबाईंसारख्यांनी. खुरपून खुरपून त्यांची बोटं इतकी राठ झालीत की काचेच्या स्क्रीनला ती कळतच नाहीत. बटण कसं, दाबलं की दाबलं.

त्या दिवशी दुपारी त्यांच्या भाच्याचं बारसं होतं. भाऊ भानुदास आणि भावजय ऊसतोडीला गेलेले. बाळ तिकडेच, कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत जन्मलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. कोप्यांवर साध्या कॉलला रेंज नाही. शेजारच्या हॉटेलवाल्याचं वायफाय तेवढं मिळतं.

“मग माझ्या फोनवरून बोला की,” मी म्हटलं.

“नगं ताई. मागच्या लेकराचं नाव असंच शेजारनीच्या फोनवरून ठिवलं हुतं. ते लेकरू ऱ्हायलं न्हाई.”

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वाद घालायची इच्छाच गेली. त्यांचाच फोन हातात घेतला.

पहिला संशय नेटवर. त्यांच्या फोनवरून माझ्या फोनला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. चित्र स्वच्छ, आवाज शून्य. म्हणजे नेट ठीक. मग परमिशन पाहिली. ॲपला माइक वापरायची मुभा द्यावी लागते, ती दिलेली होती. साधा कॉल लावला तर आवाज खणखणीत! तेव्हा कुठे ट्यूब पेटली. या फोनला माइक दोन. खालचा साध्या कॉलला, झाकणावरचा व्हिडिओ कॉलला. म्हणजे दुखणं वरच्याचं.

एजन्सीच्या साहेबांना फोन केला.

“मॅडम, सेट उघडू नका. वॉरंटी जाईल. नगरला पाठवा, बदलून देऊ.”

“कधी?”

“आठ-दहा दिवस धरा.”

“बारसं आज आहे.”

“कुणाचं?”

मी फोन ठेवला आणि भिंग काढलं. झाकणावर, वरच्या बाजूला, बरोबर मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. त्यात पिवळं-लाल काहीतरी घट्ट बसलं होतं.

“हिराबाई, फोनची पूजा केली होती का?”

“मंग? नवी वस्तू तशीच वापरायची व्हय? हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला.”

“हळदीकुंकू कुठं लावलं?”

त्यांनी झाकणावर बोट टेकवलं. “हितं. कपाळाला.”

कंपनीच्या इंजिनिअरने माइकसाठी जी जागा शोधली, नेमकी तीच हिराबाईंना फोनचं कपाळ वाटली. आता यात चूक कुणाची म्हणायची? ओली हळद वाळून दगड झाली होती. अशा छिद्रात बाहेरून सुई घालायची नसते, माइकचा नाजूक पडदा फाटतो. उघडण्यावाचून इलाज नव्हता.

“उघडला तर उद्या कंपनी हात वर करील,” मी सांगितलं.

“करू द्या. तिकडं समदी खोळंबल्यात.”

झाकण खोललं. माइक अलगद बाजूला घेतला आणि छिद्र आतून क्लीनरने, मऊ ब्रशने साफ केलं. असले फोन मी रोज उघडते, पण त्या दिवशी मला भीती वाटत होती. उगाच कशाला लपवा?

कॉल लागला. कोपीत बायका दाटीने बसलेल्या, पाळणा म्हणून लुगड्याची झोळी बांधलेली. भानुदासने फोन बाळाच्या कानाशी नेला. हिराबाई काउंटरवर वाकल्या, तोंडाशी ओंजळ धरली आणि हळूच बोलल्या. नाव काय ठेवलं ते शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं नाही. पलीकडून भानुदासचा आवाज आला, “आलं गं अक्का, नीट आलं. डोळं उघडून बघतोय बग.”

आत्याने नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. दुकानात दुसरी बाई नव्हती, तेव्हा ते काम मी केलं. हिराबाई आधी हसल्या, मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला. फोन मिटायला मात्र त्या तयार नव्हत्या. गिऱ्हाइकं ताटकळली, मी त्यांना चहा पाजला.

पुढच्या फेरीला साहेब म्हणाले, “त्या सेटची वॉरंटी गेली बरं का, मॅडम.” मी म्हटलं, “गेली.” पाणी, धूळ, ऊन यांच्यापासून फोन जपा, एवढं कंपनी सांगते. हळदीकुंकवाचं तिला सुचलेलं नाही आणि पूजा करू नका असं माझ्या गिऱ्हाइकांना सांगायची माझी छाती नाही. म्हणून काउंटरवर कुंकवाची डबी ठेवली आहे. नवा फोन हातात देण्याआधी कुंकू मीच लावून देते, जिथं छिद्र नाही अशा जागी.