दुसरा भाग सैल पडतो

परवा नातीनं एक फॉर्म आणला. नवोदित लेखकांसाठी मार्गदर्शन शिबिर. "आजी, जाऊ का गं?" मी म्हटलं, जा, पण वही कुणाच्या हातात देऊ नकोस. आवाज इतका चढला की सून स्वयंपाकघरातून धावत आली. मग त्या दोघींना सांगितलं ते इथे लिहून ठेवते. राग अजून गेलेला नाही.

आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. पूनम सागरच्या बाजूला नवी इमारत, समोर चिखल, पाण्याला टँकर. टँकरची वाट बघत जिन्यात बसून मी कादंबरी लिहिली, मुलाच्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर. ती होती एका म्हातारीवर. शेजारच्या मोरवा गावची. तिच्या शेतावर इमारत उभी राहिली, तेव्हापासून ती आमच्या इमारतीखाली विकतची भाजी विकायला बसायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी भांडायची.

लिहून झालं, आता पुढे काय, हे सांगणारं कुणी नव्हतं. मग कळलं की भाईंदरला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी सकाळी नवलेखकांचं मंडळ भरतं. चालवणारे सर निवृत्त शिक्षक, दोन पुस्तकं नावावर. नियम असा की सरांनी वाचून प्रस्तावना दिल्याशिवाय बाड प्रकाशकाकडे न्यायचं नाही. "प्रस्तावनेशिवाय पुस्तक म्हणजे कुंकवाशिवाय बाई," सर म्हणायचे आणि आम्ही बायका हसायचो. मी सगळ्यांत मोठ्यानं. काय म्हणावं त्या बाईला!

सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढलं, जुन्या धोतरात गुंडाळलं आणि पोस्टाचं पार्सल शिवतात तसे चारी बाजूंनी टाके घातले. बसमध्ये पान सुटायला नको ना! सर ते कात्रीनं उसवतील, पहिलं पान उलटतील, असं चित्र डोळ्यांपुढे आणून मी आठवडाभर हवेत होते.

सहा महिन्यांनी सर म्हणाले, "वाचतोय. दुसरा भाग जरा सैल पडतो. म्हातारीची भांडणं कमी करा."

मी घरी आले आणि कच्च्या वह्यांतली भांडणांची पानं फाडली. टराटरा फाडली, आणि वर स्वतःला शाबासकी दिली की बघा, टीका कशी सोसते मी. आता अख्खी कादंबरी होती ती फक्त सरांकडे.

प्रस्तावनेची वाट बघण्यात दीड वर्ष गेलं. तेवढ्यात मंडळात माझी प्रगती झाली. अक्षर चांगलं म्हणून सरांच्या तिसऱ्या पुस्तकाची छपाईसाठीची प्रत मी लिहून दिली. चहा मी केला. पाहुणे आले की स्वागतगीतात मी. संक्रांतीला सरांच्या घरी तिळाच्या वड्यासुद्धा पोचवल्या. लेखिका व्हायला निघाले होते, मंडळाची सून होऊन बसले.

एकदा त्यांच्या पुस्तकाची शेवटची पानं द्यायला मी मधल्याच वारी त्यांच्या घरी गेले. सर बाजारात गेले होते. त्यांच्या बायकोनं कपाटाकडे बोट केलं. "ठेवा तिथेच वर, बाकीच्या बाडांवर."

वर आमचं सगळं मंडळ धूळ खात पडलं होतं. खालून तिसरं माझं. ओढून काढलं. चारी बाजूंचे टाके जसेच्या तसे. माझेच, ओळखीचे, कोपऱ्यावर दुहेरी.

"वहिनी, सर म्हणाले होते की दुसरा भाग सैल..."

"सगळ्यांचाच सैल पडतो हो त्यांना," बाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या.

एवढ्यात सर पिशवी घेऊन दारात. मी गाठोडं पुढे धरलं. "सर, हे उसवलेलंच नाही."

सर जरासुद्धा लाजले नाहीत. "अहो, अनुभवी माणसाला उघडावं लागत नाही. बाईकडे बघितलं की कळतं तिचं लिखाण कसं असणार."

यावर मी काय केलं असेल? म्हटलं, "बरं सर." आणि वाकून नमस्कार केला! सवयीनं. मग गाठोडं काखोटीला मारून निघाले. आजही तो नमस्कार आठवला की पाठीत कळ येते.

वरच्या मजल्यावर लातूरकडची एक बाई राहायची, टेलिफोन खात्यात नोकरीला. तिच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि खाली पुस्तकांचं कपाट. ती माझं रडणं ऐकत बसली नाही. कात्री आणली, टाके कापले आणि म्हणाली, "रविवारपर्यंत देते."

रविवारी आली ती भांडायलाच. "ताई, शेवट खोटा आहे. आठ आण्यांच्या कोथिंबिरीवरून आपल्याला घाम फोडते ही, अन् पुस्तकात मुकाट्यानं मरती?"

मला इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही. आमच्या मंडळात असं कुणी बोलत नसे. तीन दिवस जिन्यात तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी उमगलं, हिनं वाचलंय. शेवटच्या पानापर्यंत वाचलंय.

तिनंच मला खाली नेलं, म्हातारीसमोर बसवलं आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला लावलं. म्हातारी मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत ऐकत होती. स्वतःचं मरण ऐकून झाल्यावर म्हणाली, "मना मारून तुला काय मिललं गो? मी हाय ना अजून. शेत कुनी विकलं, कागदावर माजा अंगठा कुनी घेतला, त्या लिव की. त्या न्हाय लिवलास तू!"

ते मी तिला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. रोज तिच्याकडून भाजी घेत होते आणि रविवारी भाईंदरला जाऊन तिच्याविषयी कसं लिहावं ते शिकत होते.

त्याच दुपारी तिच्याजवळ पाटावर बसले. ती सांगत गेली, गिऱ्हाईक आलं की थांबत गेली, मी लिहीत गेले. शेत विकणाऱ्या दिराचं नाव तिनं तीनदा सांगितलं. मी नीट लिहिलंय का ते तिनं वरच्या बाईकडून दोनदा वाचवून घेतलं.