धुतलेले नकाशे

नैरोबीच्या साहेबाने कळवलं होतं, शिकताना काढलेले इमारतींचे नकाशे घेऊन या, ते पाहून नोकरीचं ठरवू. नकाशे रत्नागिरीला, घरी माझ्या ट्रंकेत. तेवढे उचलायचे, आईच्या पाया पडायचं आणि मुंबईची बोट धरायची, असा माझा बेत.

ट्रंक उघडली तर रिकामी.

"आई, माझे नकाशे?"

"ते होय? धुतले."

धुतले! नकाशे कुणी धुतं का? मला काही कळेचना. आईने परसाकडे बोट दाखवलं. दांडीवर चार झबली नि एक टोपडं वाळत होतं. पक्के नकाशे आम्ही कागदावर नाही, खळ दिलेल्या तलम कापडावर काढायचो. गरम पाण्यात खळ गेली, बहुतेक शाई गेली, उरलं ते मऊसूत कापड. माझं देऊळ, माझा बाजार, माझं इस्पितळ, सगळं माडाच्या आळ्यात!

"आई गो, माझी नोकरी होती ती!"

"हळू बोल मेल्या, बाळ निजलंय."

बाळ माझ्या बहिणीचं. तिची आधीची दोन तान्हेपणीच गेलेली. अशा वेळी पुढच्या मुलाला विकतचं कापड लावत नाहीत, मागून आणलेलंच घालतात, म्हणजे ते जगतं, अशी आमच्याकडची समजूत. मामाचं तर उत्तमच. पण मी मुंबईला, म्हणून मागायचं राहिलेलं. झबली अजून बाळाच्या अंगाला लागली नव्हती. बारसं उद्यावर आलेलं.

"आता मागते," म्हणत आईने खरोखरच माझ्यापुढे पदर पसरला. "मनापासून दिलं म्हण. कुरकुरत दिलेलं चालत नाही."

संताप आवरत नव्हता, रडूही येत होतं. बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून बहीण माझ्या तोंडाकडे बघत होती, भेदरलेली. माझ्या मनात नक्की काय आहे ते मलाच उमगेना.

"दिलं."

"मनापासून ना रे, दादा?" बहिणीने विचारलं.

"हो गो."

बारशाला बाळाच्या पाठीवर उत्तर दिशा दाखवणारा माझा बाण पुसटसा दिसत होता.

नैरोबीत साहेबाने नकाशे मागितले. काय सांगू, भाच्याने घातलेत? मी रिकामे हात पुढे केले. वैतागून त्याने कोरा कागद पुढे टाकला, इथेच काढ म्हणाला. काढलं, नि जेमतेम चिकटलो.

थोड्याच दिवसांत घरून पत्र आलं: बाळाला ताप आहे, उतरत नाही. मी उभा राहिलो आणि भर कचेरीत मोठ्याने म्हणालो, "मनापासून दिलं हो, मनापासून!" साहेब बघतच राहिला.

ताप उतरल्याचं पत्र पुढच्या बोटीने आलं. तोवर मी रोज म्हणत होतो.