साच्यात राहिलेलं दार

आमच्या नांदेडच्या शाखेत टायपिंगच्या टेबलांवर कॉम्प्युटर नाहीत. पडदा आहे, कीबोर्ड आहे, माउस आहे आणि पडद्यामागे जेवणाच्या डब्याएवढी एक काळी डबी. खरी मशीनं माझ्या खोलीतल्या सर्व्हरच्या पोटात चालतात. एका सर्व्हरमध्ये अशी पुष्कळ मशीनं, प्रत्येकाला वाटावं की आपलं स्वतंत्र आहे. ही व्यवस्था मीच सुचवली होती. आमचा कोचिंग क्लास लातूरचा. सराव परीक्षांचे पेपर मात्र नांदेडला टाइप होतात. पेपर फुटू नये म्हणून ही डबी. तिला पेनड्राइव्ह लावता येत नाही, इंटरनेट नाही, आणि टेबलावर बसण्याआधी मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो.

तरी पेपर फुटला. रविवारच्या परीक्षेचे भौतिकशास्त्राचे प्रश्न शनिवारीच पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होते. लातूरहून संचालक साहेबांचा फोन आला.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. काय झालं, कसं झालं, असं काही नाही.

"बघतो, साहेब."

"बघतो नको. सगळं तुमच्या ताब्यात राहील म्हणून एवढा सर्व्हर घेतला ना आपण? मग आत बघा आन सांगा."

आत बघणं मला शक्य होतं, हे त्यांना माझ्याकडूनच कळलेलं होतं. सर्व्हरवरच्या प्रत्येक मशीनमध्ये एक लहानसा प्रोग्राम बसवावा लागतो. त्याला गेस्ट एजंट म्हणतात. त्याचं काम साधं आहे. लाइट गेली आणि यूपीएस दम टाकायला लागला की सर्व्हर या एजंटला सांगतो, आणि तो आपापलं मशीन नीट बंद करतो. बॅकअप घेताना तो क्षणभर लिखाण थांबवून धरतो. आमच्याकडे लाइटचं जे आहे ते पाहता एजंटशिवाय भागत नाही. पण त्याला सर्व्हरचे बाकीचे हुकूमही ऐकू येतात. अमुक फाइल वाचून दे, अमुक प्रोग्राम चालव, पासवर्ड बदल. मशीनमध्ये त्याचा अधिकार सगळ्यांत वरचा. टेबलावर बसलेल्याला त्यातलं काही कळत नाही. नको असलेले हुकूम बंद करता येतात, नव्हे, करायचेच असतात. मी केले नव्हते. कधीतरी उपयोगी पडतील म्हणून राहू दिले होते.

ते आता उपयोगी पडले.

तिघी टायपिस्ट होत्या. माझी नजर एकीवरच गेली. त्या सगळ्यांत जुन्या, मूळच्या मुखेडकडच्या. फोन उचलला की पहिला शब्द "जयभीम". त्यांची मुलगी आमच्याच निवड तुकडीत बारावीला होती आणि गेल्या दोन-तीन परीक्षांत तिचे गुण चांगले वाढले होते. दिवाळीनंतर ही तुकडी लातूरला, भौतिकशास्त्राच्या मोठ्या सरांकडे जाणार होती. त्या जागेसाठी नांदेडात किती घरांत भांडणं चालू होती ते मला ठाऊक होतं. म्हणजे कारण होतं, संधी होती, आणि गुणही वाढलेले. मला सगळं जुळलेलं दिसलं.

दुसऱ्या टायपिस्टचा भाचाही त्याच तुकडीत होता. त्याचे गुण मी काढून पाहिलेच नाहीत. ती बाई आमच्या नात्यागोत्यातली, तिच्या घरच्या लग्नाला मी जेवून आलेलो. "नात्यातली म्हणून सोडलं" असं मी तेव्हा मनाशी म्हटलं असतं, तर निदान खोटं तरी बोललो नसतो. मी तसंही म्हटलं नाही. तिच्याबद्दल मनात प्रश्नच उभा राहिला नाही, आणि हे मला जास्त वाईट वाटतं.

रोज दुपारी, मुखेडच्या ताई टायपिंगला बसल्या की मी एजंटला त्यांच्या मशीनमध्ये शोधायला लावायचो. कोणत्या फाइली उघडल्या, किती वेळ, काय पुसलं. संशय मनात घेऊन पाहिलं की साधी गोष्टही वाकडी दिसते. चहाच्या सुट्टीत फाइल उघडी राहिली, का राहिली? टाइप झालेला पेपर त्यांनी परत पहिल्यापासून वाचला, कशासाठी? त्या चुका सुधारत होत्या. ते त्यांचं कामच होतं. पण मी त्यात पाठांतर पाहिलं. बाहेर कप्प्यातून मोबाइल घेताना त्या हसल्या तरी मी खिडकीतून पाहायचो, कोणाचा फोन असेल.

एकदा त्या माझ्या दारात आल्या.

"सर, माझं मशीन दुपारचं अडखळून राहिलंय. टाइप करावं तर अक्षर मागून येतंय."

"अपडेट चालू असेल, ताई."

"रोज?"

"रोज असतं कधी कधी."

"त्या दोघींचं तर लई पळून राहिलंय. माझ्याच मशीनला एवढं काय शिकवून राहिलात?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ माझ्या पडद्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मी तोवर पडद्यावरची खिडकी लहान केली होती. ती लहान करताना माझा हात किती चटकन गेला, ते त्यांनी पाहिलं असं मला वाटलं.

महिनाभरात माझ्या हाती काहीच लागलं नाही. शहाण्या माणसाने यावरून काही तरी समजून घेतलं असतं. मी समजलो की बाई हुशार आहेत. साहेबांचा परत फोन आला तेव्हा मी म्हणालो, "पुरावा नाही साहेब, पण माझा संशय एकीवर आहे." पुरावा नाही हे वाक्य मी आधी बोललो होतो, साहेबांच्या कानात राहिलं ते दुसरंच. ताईंना टायपिंगवरून उठवून प्रवेशाच्या काउंटरवर बसवलं. मुलीचं नाव लातूरच्या यादीतून तूर्त बाजूला काढलं. साहेबांनी ठरवलं, मुलीची एकटीची परीक्षा घ्यायची, नवा पेपर, बंद खोलीत. गुण तेवढेच पडले तर जागा, नाही तर नाही.

"सुपरव्हिजनला तुम्हीच बसा," ते मला म्हणाले. "तुमची नजर बारीक आहे."

त्याच आठवड्यात त्यांनी सर्व्हर नीट बंदिस्त करायला सांगितलं. म्हणून मी एजंटचा एकेक अधिकार तपासायला घेतला. एजंटला एक जोडीदारही असतो. तो पडद्याचा आकार जुळवतो, आणि एका मशीनमध्ये कॉपी केलेलं बाहेरच्या मशीनवर पेस्ट करू देतो. हे कॉपी-पेस्ट आमच्याकडे बंद असायला हवं होतं. मी साचा उघडून पाहिला. साचा म्हणजे एक मशीन नीट तयार करून ठेवायचं आणि बाकीची त्याच्यावरून पाडायची. साच्यात ते चालू होतं.

मग आठवलं. भौतिकशास्त्राचे मोठे सर लातूरहून, घरच्या लॅपटॉपवरून, फक्त सर्व्हरला असलेल्या इंटरनेटच्या वाटेने आमच्या मशीनमध्ये शिरून पेपर तपासतात. सुरुवातीला त्यांनीच म्हटलं होतं, "एवढं पेस्टचं राहू द्या हो, नाहीतर मला सगळं हातानं उतरवावं लागतं." मी त्यांच्यापुरतं चालू करणार होतो आणि साच्यातच चालू करून बसलो. ते दार सगळ्यांच्या मशीनला बसलं. पण टायपिस्टच्या डबीतून त्या दारातून जायला पलीकडे जागाच नव्हती. पेस्ट करणार कुठे? जागा फक्त लॅपटॉपवाल्यांकडे होती.

चाचणी म्हणून मी एका मशीनमधून दोन गणितं कॉपी केली आणि माझ्या लॅपटॉपवरून स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवली. वर्गमुळाची, थीटाची चिन्हं गेली आणि त्यांच्या जागी रिकामे चौकोन आले. फुटलेल्या पेपरात असेच चौकोन होते. मी ते पहिल्या दिवशीच पाहिले होते. फोटो काढला असता तर चिन्हं दिसली असती. पाठ करून घरी टाइप केलं असतं तर कोणी चौकोन कशाला टाइप केले असते? चौकोन फक्त कॉपी-पेस्टने येतात. एवढी गोष्ट समोर असताना मी महिनाभर ताईंची चहाची सुट्टी मोजत होतो.

सर्व्हरच्या नोंदीत पाहिलं. तो पेपर बाहेरून उघडणारे एकटे मोठे सर होते. मी त्यांना फोन लावून विचारलं, हा पेपर कोणाला पाठवला होता का.

"अहो, पाठवला असेल," ते सहज म्हणाले. "दर वेळी पाठवतो. आपला जुना विद्यार्थी आहे, एकदा सोडवून देतो मला. प्रश्न चुकला की लातूरचे पालक गेटवर येतात, तुम्हाला नांदेडात बसून काय कळायचं."

"आता कुठे असतो तो?"

"लोह्याला. स्वतःच्या शिकवण्या सुरू केल्यात. पोरं लई यायलीत त्याच्याकडे. हुशार पोरगा."

पेपर लोह्याच्या त्या शिकवण्यांतूनच पुढे फिरला असणार, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. पेपर आधी कोणाकडून तरी सोडवून घ्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. पूर्वी लिफाफ्यातून जायचा. त्यात त्यांना चोरी दिसणं शक्य नव्हतं.

साहेबांना मी सांगितलं.

"मोठ्या सरांचा फोटो गेटवर केवढा आहे, पाहिलाय ना?"

"हो."

"मग? पेस्ट बंद करा, विषय बंद करा. मुलीची परीक्षा होऊ द्या. गुण पडले की आपोआप मिटतं. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही."

मी "बरं" म्हणालो. जिने काही केलं नाही तिने तसं सिद्ध करून दाखवायचं, आणि ज्याने दार उघडं ठेवलं त्याने समोर बसून पाहायचं. हे मला तेव्हाही उघड दिसत होतं. तरी बरं म्हणालो.

रविवारी मुलगी आली. सोबत ताई. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, मी आत. मुलीने पेपर घेतला, वर नाव लिहिलं आणि पेन थांबवून मला विचारलं, "सर, तुम्ही असंच बघून राहणार का?"

"तसं सांगितलंय."

"मग बघा," ती म्हणाली आणि लिहायला लागली.

मला तिथे बसवेना. तिची मान खाली होती, एका हाताने ओढणी सावरत ती भराभर लिहीत होती. मी उठून बाहेर बाकावर गेलो आणि ताईंना सगळं सांगितलं. मोठे सर, लोहा, साचा. नंतर दुपारी त्यांचं मशीन का अडखळायचं, तेही सांगितलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुमाला हे परीक्षेच्या आधी माहीत होतं?"

"होतं."

त्या उठल्या आणि खोलीत गेल्या. "ऊठ गं. तुला पेपर द्यायची गरज न्हाई. चल."

मुलीने वर पाहिलं नाही. "आई, दोनच राहिलेत."

"ऊठ म्हणलं ना."

"थांब ना. बरोबर येऊन राहिलंय."

ताई तशाच दारात उभ्या राहिल्या. मुलीने उरलेले दोन्ही प्रश्न सोडवले, पानं जुळवली आणि माझ्या हातात न देता आईच्या हातात दिली. ताईंनी ती पिशवीत टाकली.

"ही पानं लातूरला जाणार न्हाईत," त्या म्हणाल्या. "साहेबाला फोन लावा. मला ऐकू येईल असा."

मी लावला. म्हणालो, "साहेब, पेपर ताईंनी फोडला नाही. मोठ्या सरांनी पाठवला, आणि ती वाट मी उघडी ठेवली होती. ताईंच्या मशीनमध्येही मी महिनाभर त्यांना न सांगता पाहत होतो. त्या इथेच आहेत."

"स्पीकरवर कशाला घेतला?" साहेब म्हणाले.

"जयभीम, साहेब," ताई म्हणाल्या. "एवढंच सांगा, पोरगी लातूरच्या तुकडीत हाय का न्हाई?"

"आहे. मी कुठं नाही म्हणालो?"

"मग उद्या बोर्डावर लावा. तोंडी नगं."

दुसऱ्या दिवशी नाव लागलं. मोठ्या सरांचं पेस्ट मी बंद केलं. ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. माझ्या एकट्याच्या हाती सर्व्हर राहू नये म्हणून मी साहेबांना सुचवलं की एजंटला हुकूम देताना दोघांचे पासवर्ड लागावेत, आणि दुसरा पासवर्ड ताईंकडे द्यावा. साहेब तयार झाले, ताईंनी नकार दिला. "मला कुणाच्या मशीनमधी बघायचं न्हाई, सर." दुसरा पासवर्ड आता लातूरला साहेबांकडे असतो.

त्या परत टायपिंगला बसतात, त्याच टेबलावर. एजंट मी काढू शकलो नाही, लाइट जाते तेव्हा तो लागतोच. पण फाइल वाचणं, प्रोग्राम चालवणं, पासवर्ड बदलणं हे सगळे हुकूम आता बंद आहेत. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन तसं सांगितलं. माझं म्हणणं खरं की खोटं हे तपासायला त्यांच्याकडे काही साधन नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. त्यांनी मान हलवली आणि टाइप करत राहिल्या.