कोरसमधल्या सुमनबाईंचं स्पॅनिश गाणं

सुमनबाई लग्न होऊन पंचवटीत आल्या त्या थेट कोरसमध्येच. सासरे देवराम यांची गायन पार्टी होती. भीमगीतं, लग्नाची गाणी, हळदीची गाणी. पुढे माइकवर सासरे, मागे घरातल्या बायका. सासऱ्यांनी ओळ टाकायची, बायकांनी तिची शेपटी उचलायची. सासरे गेले तसा माइक धाकट्या दिराकडे, नवनाथकडे गेला. गळा सगळ्यांत खणखणीत सुमनबाईंचा, पण त्यांना कुणी विचारलं नाही. विचारावं हेही कुणाला सुचलं नाही.

गुडघे दुखायला लागले तेव्हा मुलीने, साक्षीने, मोबाईलवर नाचाच्या व्यायामाचे व्हिडिओ लावून दिले. नाच लगेच सुटला. त्यातली स्पॅनिश गाणी मात्र राहिली. पोळ्या लाटताना ती एकामागून एक लागत. त्यातच मेक्सिकोतली एक म्हातारी भेटली. हातात गिटार, भरडा आवाज, आणि शब्द न कळताही हातातलं लाटणं थांबवणारं गाणं.

"हिला अशी गाणी देतं तरी कोण?" त्यांनी साक्षीला विचारलं.

साक्षीने वाचून सांगितलं, "रचणाऱ्याला म्हणे एकही वाद्य येत नव्हतं. शीळ घालून चाल सांगायचा."

"म्हणजे तुझे आजोबाच की! ते डब्यावर बोटं वाजवून सांगायचे."

अर्थही कळला. सोडून गेलेल्याला बाई सांगते, वाट तू घेऊन जा, आवाज माझ्याकडे राहू दे. सुमनबाईंनी भांडी घासता घासता ते गाणं पाठ केलं. मराठीतलं प्रत्येक गाणं भाऊजींनी आपलं करून टाकलं होतं. ह्याच्यावर घरात कुणाचाच हक्क नव्हता.

साक्षीचं लग्न ठरलं. "माझ्या हळदीत आई माइकवर गाणार, तेही स्पॅनिश," तिने सांगून टाकलं.

नवनाथ हसला. "वहिनी, एकच म्हणा. फसलं तर पुन्हा माइकचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

हळदीला मांडव गच्च भरला. पार्टीतल्या काळूने ढोलकीवर ठेका धरला. सुमनबाई माइकपुढे बसल्या. ठेका फिरून समेवर आला, पुन्हा आला. आवाज फुटेना. घाबरल्या नव्हत्या त्या. आयुष्यभर दुसऱ्याची ओळ संपली की सुरू व्हायचं, एवढंच गळ्याला माहीत. तो आपला वाट बघत होता, आधी कुणी तरी म्हणेल म्हणून.

"काय वहिनी, मेक्सिकोची रेंज गेली का?" पेटीवरून नवनाथ म्हणाला. पाहुणे हसले.

सुमनबाईंनी सुरुवात सोडूनच दिली. कोरसमध्ये असत्या तर जी उचलली असती, ती धृपदाची शेवटची ओळच त्यांनी मोठ्याने म्हटली. मागे जावा-नणंदा होत्या. त्यांना ना भाषा ठाऊक, ना गाणं. पण पुढून शेपटी पडली की झेलायची, हे हाडात मुरलेलं. वेड्यावाकड्या शब्दांत त्यांनी ती झेलली. दुसऱ्याची ओळ कानावर पडली मात्र, सुमनबाईंचा गळा मोकळा झाला. त्यांनी गाणं पहिल्यापासून घेतलं.

म्हातारीचं ते रडवं गाणं काळूच्या ढोलकीवर ताठ उभं राहिलं. हळद लावणाऱ्या बायका पिवळ्या हातांनीच टाळ्या वाजवू लागल्या.

"कोणची भाषा हाय गं ही?" सायखेड्याहून आलेल्या नवरदेवाच्या आजीने विचारलं.

"काय की. पण नवरीची आई म्हणतेय."

"लय भारी म्हणती बाई!"

पुढच्या धृपदाला कोरसमध्ये एक पुरुषी आवाजही आला. पेटी वाजवता वाजवता नवनाथ शेपटी उचलत होता. त्याच्या ते लक्षात आलं नसावं. सुमनबाईंच्या आलं.

गाणं संपलं, मांडव ओरडायला लागला. नवनाथने सवयीने माइककडे हात नेला. सुमनबाईंनी तो आधीच उचलला होता.

"काळू, ढोलकी चढव," त्या म्हणाल्या. "आता आपलं हळदीचं म्हणते."

आणि कुणाची वाट न बघता त्यांनी पहिली ओळ टाकली.