शबानाचा जिन्यातला वर्ग

उद्या सकाळी शबानाच्या घरी नवीन नेट जोडायला माणूस येणार आहे. दीड वर्षाचा करार आहे, मध्येच सोडता येत नाही. आणि ज्या मुलांना शिकवण्यासाठी ती हे नेट घेते आहे, त्यांतली बहुतेक मुलं पुढच्या महिन्यापासून तिच्याकडे शिकणार नाहीत. हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे. संध्याकाळपासून दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहीत बसले आहे.

शबाना आमच्या शेजारच्या हुसेनसाबांची मुलगी. हुसेनसाबांचा धंदा मांडव, माईक आणि लायटिंगचा. लग्न असो, उरूस असो, गणपती असो, त्यांचा टेम्पो सगळीकडे. कार्यक्रम संपला की वायरींचा हा ढीग अंगणात येऊन पडायचा. शबाना शाळेतून आली की दप्तर टाकून त्या ढिगापाशी बसायची. अंगठा आणि कोपर यांच्यामधून वायर झरझर फिरवत एकेक वेटोळं बांधून ठेवायची. कुणी चिडवलं की म्हणायची, "गणितापेक्षा सोपं आहे हे. ह्याला टोक सापडतं."

एकदा तिच्याच शाळेच्या स्नेहसंमेलनाला हुसेनसाबांच्या माईकचा आवाज तुटायला लागला. हेडसर चिडून आणखी मोठ्यानं ओरडू लागले. ही चौथी-पाचवीतली पोर स्टेजवर चढली आणि त्यांना म्हणाली, "सर, ओरडू नका. थांबून थांबून बोला, म्हणजे तुटलं तरी कळतं." सगळं पटांगण हसलं. हुसेनसाब मात्र खांबाआड लपले होते.

पुढे ती गणितात पदवीधर झाली, बीएड केलं, एका खासगी शाळेत लागली. संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत शिकवण्या. आमच्या भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. मग अकलूजच्या आरिफशी लग्न झालं. आरिफ नर्सिंग शिकलेला, त्याला इंग्लंडात वृद्धांच्या केअर होममध्ये काम मिळालं आणि शबानाही गेली. जाहिदाभाभी, तिची आई, आठवडाभर रडल्या आणि मग गल्लीत सांगत सुटल्या की आमची शबाना लंडनला असते. ती राहते ते गाव लंडनपासून रेल्वेनं खूप लांब, बारकंसं आहे. पण भाभींच्या लेखी इंग्लंड म्हणजे लंडन.

तिथं त्यांना मिळाली एका जुन्या दगडी घराची वरची खोली. खाली घरमालक राहतो, सत्तरीचा, त्याच्याहून थकलेल्या आईबरोबर. वायफायची पेटी त्याच्या स्वयंपाकघरात. भिंती इतक्या जाड की वर पोचेपर्यंत नेटचा जीव जातो. त्यात गावात येणारी लाईनच जुनी. शबानानं पेटी जिन्यात आणूया का म्हणून विचारलं, तर म्हातारा म्हणाला, नेट उत्तम चाललंय, मी रोज बातम्या वाचतो.

तिथल्या शाळेत शिकवायचं तर तिची इथली पदवी तशीच चालत नाही, आणखी शिकावं लागतं, त्याला वेळ आहे. आरिफच्या पाळ्या विचित्र. मला एकदा सहज म्हणाली होती, "काकू, इथं दिवसचे दिवस मला कुणी हाकच मारत नाही. आरिफ झोपलेला नाहीतर कामावर. तुमची पोरं मॅडम म्हणतात तेव्हा वाटतं, हां, मी आहे."

म्हणजे आमच्या सोलापूरची ही दहावीतली पाच-सहा मुलं, ज्यांना ती तिथून नेटवर गणित शिकवते. आमची ऋतुजा त्यांच्यातली एक.

पहिल्या महिन्यात वर्ग म्हणजे नुसता गोंधळ. तिचं चित्र थिजायचं, तोंड उघडंच राहायचं, त्या मुलांतला नंदीश त्याचे फोटो काढायचा. तिनं खिडकीत बसून बघितलं, मोबाईलच्या नेटवर बघितलं, ओट्यावर चढून बघितलं. शेवटी तिनं एक लांब वायर आणली. आमची संध्याकाळ म्हणजे तिथली दुपार. म्हातारी जेवून झोपली की शबाना पेटीला वायर लावते, जिन्याच्या कडेकडेनं सोडते आणि अर्ध्या जिन्यात वही, पेन आणि लॅपटॉप घेऊन बसते. वर्ग संपला की कुणी अडखळू नये म्हणून लगेच सगळी गुंडाळून ठेवते. आरिफनं एकदा तिचा तसा फोटो काढून भाभींना पाठवला. डोक्याला ओढणी, अंगात जाड स्वेटर, जिन्यात बसलेली. भाभींनी तो मला दाखवला आणि डोळे पुसले. "वहिनी, पोरीला खोलीत बसायला जागा न्हाय काय हो?"

वायरीनं भिंतीचा प्रश्न सुटला, लाईनचा नाही. तिच्याकडे मुलांचे आवाज नीट जातात, पण तिच्याकडून इकडे धड काही येत नाही. तिचं एक वाक्य इथं येईतो त्याचे चार तुकडे होतात. यावर तिनं जे केलं त्यावरून पुढचं सगळं रामायण झालं. तिनं कॅमेरा बंद केला आणि बोलणंही जवळजवळ सोडून दिलं. गणितं वहीत सोडवून, नीट पायऱ्या लिहून, त्यांचे फोटो ती पहाटेच पाठवून ठेवते. तेव्हा म्हाताऱ्याच्या बातम्या बंद असतात आणि नेट मोकळं असतं. मुलांनी ते वाचून यायचं. वर्गात बोलायचं मुलांनी. एकेकानं गणित समजावून सांगायचं आणि ती ऐकणार. मध्येच पडद्यावर तिचा एक शब्द उमटतो, "का?" एवढा एक शब्द कितीही मंद नेटवर येतो.

भाभींना वाटतं जावई कंजूष आहे. "एवढं कमावतो आन् बायकोचं तोंड दिसंल एवढं नेट घ्येत नाही." रोज फोनवर ओरडतात, "अगे बेटी, दिखतीच नै तू!" मग माझ्याकडे वळून म्हणतात, परदेशात कधी नेट स्लो असतं का?

हाच प्रश्न सगळ्यांना पडला. रविवारी नंदीशच्या पप्पांनी पालकांना त्यांच्या नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात चहाला बोलावलं. गिऱ्हाइकाची वर्दळ, वर पंखा, आम्ही गादीवर.

नंदीशचे पप्पा सरळ विषयावर आले. "वहिनी, आमचं शेत कुंभारीला. तितं बांधावर उभं राहिलं तरी फुल रेंज येती. आन् इंग्लंडात नेट न्हाय? मला हे पटतच न्हाय बघा."

"तिकडं दुसरी नोकरी धरली असेल हो," मंजुनाथची आई म्हणाली. "कॅमेरा बंद, पोरांना बोलायला लावायचं आणि आपण आपली भांडी घासायची."

मी म्हटलं, "अहो, ती जिन्यात बसून शिकवते. वायर लावून. मी फोटो बघितलाय."

"जिन्यात? इंग्लंडला जाऊन जिन्यात?" पप्पा हसायलाच लागले. "परवा मी पोराच्या मागं उभा राहून बघितलं. तासभर आमचा नंदीश बोलतोय. मॅडमचं काय, तर 'का?' परत 'का?' शिकवायचं पोरांनी आन् फी घ्यायची मॅडमनी, व्हय? 'का' तर आमची म्हातारी पण दिवसभर विचारती. तिला देतो की फी."

सगळे हसले. हसू मलाही आलं. मग ठरलं की पुढच्या महिन्यापासून मुलांना पेठेतल्याच एका मोठ्या क्लासला घालायचं. तिथं फळा आहे, समोर सर उभे असतात.

"तुमची भिंतीला भिंत हाय, वहिनी," पप्पा म्हणाले. "तुमीच सांगा मॅडमला. गोड बोलून."

मी "बघते" म्हणाले आणि घरी आले.

खरं सांगायचं तर त्यांना वाटते ती धास्ती मलाही आहे. दहावीचं वर्ष. ऋतुजाला मागच्या चाचणीत होते तेवढेच गुण या चाचणीत पडले, ना वर ना खाली. उद्या बोर्डात काही कमीजास्त झालं तर ऋतुजाच्या बाबांसकट सगळे मलाच विचारणार, तू का नाही बदललास क्लास म्हणून.

पण काल संध्याकाळी मी भाजी निवडत दाराबाहेर बसले होते. आत ऋतुजाची पाळी होती. ही मुलगी शाळेत हात वर करत नाही. बाईंनी उभं केलं तर ओढणीचं टोक चावत उभी राहते. ती मोठ्यानं सांगत होती, "दोन त्रिकोणांची उंची सारखी असेल, तर त्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर पायांच्या गुणोत्तराएवढं." मग शांतता. मला कळलं, पडद्यावर "का?" आलं असणार. पूर्वीची ऋतुजा असती तर म्हणाली असती, पुस्तकात आहे म्हणून. ही म्हणाली, "कारण... नाही नाही, मॅडम, थांबा. दोघांच्या सूत्रात उंची आहे ना? सारखीच आहे. मग भागाकारात ती जाणार. अर्धा पण जाणार. राहिले पाये!" आणि स्वतःशीच हसली. पलीकडून शाबासकीचा आवाज आला नाही, येऊ शकत नव्हता. तिला त्याची गरजही दिसली नाही. माझ्या हातात मेथीची जुडी तशीच राहिली.

आज तिला पेठेतल्या क्लासचं सांगितलं, तर म्हणाली, "आई, तिथं मी मागं बसेन, आणि मला येत नाही हे तुला मार्चमध्ये कळेल."

त्यानंतर तासाभरानं शबानाचा निरोप आला. तोही तीन तुकड्यांत. "काकू, म्हातारा हो म्हणाला की! लई मागं लागले होते. वरच्या खोलीत माझी वेगळी, नवीन फायबरची लाईन येणार. करार माझ्या नावावर. शिकवणीच्या पैशातून भरणार, आरिफला म्हटलं तू मध्ये पडू नको." दुसऱ्या तुकड्यात ती म्हणत होती की तिनं पांढरा फळाही आणून ठेवलाय, आरिफनं सकाळी भिंतीला टेकवून बघितला. तिसऱ्यात नुसतं हसणं आणि, "नंदीशला सांगा, केस विंचरून बस. आता मॅडमला दिसणार आहेस."

मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. नंतर भाभी कट्ट्यावर दिसल्या, त्यांनाही निरोप आलेला. "आता बेटी दिखेगी," म्हणाल्या. मी हो हो म्हणून आत आले.

गप्प राहणं सोपं आहे. महिना संपला की मुलं आपोआप यायची थांबतील आणि तिला कळेल. तोवर करार झालेला असेल, आणि नवीन नेटवर, स्वच्छ चित्रात, ती रिकाम्या चौकटी बघत बसेल. आरिफला कळवावं असंही मनात आलं. पण तिनं त्याला मध्ये पडू नको म्हणून सांगितलंय, मग मी कोण त्याला मध्ये ओढणार? लिहून पाठवायलाही घेतलं होतं. "मुलांच्या सोयीसाठी पालकांनी असं ठरवलं आहे की" इथवर लिहिलं आणि पुसलं. शाळेच्या नोटिशीसारखं वाटलं.

तिला हे माणसाच्या आवाजात कळलं पाहिजे, आणि तुकड्यातुकड्यांनी नाही. नेटवरचा फोन नको. साधा, परदेशी दराचा फोन. त्याचं रिचार्ज ऋतुजाकडून मघाशीच मारून घेतलंय. ती विचारत होती, कुणाला गं एवढ्या लांब? मी म्हटलं, झोप.

मी तिला दुकानात काय ठरलं ते सांगणार आहे. 'भांडी घासते' वगैरे नाही सांगणार, पण मुलं जाणार हे सांगणार. ऋतुजा जाणार नाही, हेही सांगणार. गुणांचं मला आजही माहीत नाही, पण माझी मुलगी दारापलीकडे बोलायला लागली आहे, ते मी ऐकलंय. एका मुलीसाठी दीड वर्षाचं नेट घ्यायचं की उद्याच्या माणसाला परत पाठवायचं, ते तिनं ठरवावं. कदाचित ती रडेल. कदाचित चिडेल, आणि चिडावंच तिनं.

तिथं आत्ता संध्याकाळ असेल. आरिफ पाळीवर गेला असेल, ती एकटी असेल. माणूस सकाळीच येणार आहे, तेव्हा थांबून चालणार नाही. फोन लावते.