मी शाळेत सॉरी म्हणालो…

गेल्या महिन्यात एका गुरुवारी हुबळीत, माझ्या मुलीच्या शाळेत, मी असं काही वागलो की अजून मान वर होत नाही. लिहावं की नाही, खूप विचार केला… पण लिहितोच.

केतकी माझी मुलगी, सातवीत आहे. तिला जन्मापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन आहे. तरी वर्गाच्या गोंगाटात बाईंचा आवाज तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्यासाठी एक छोटा माइक मिळतो… शिकवणाऱ्यानं कॉलरला लावला की आवाज थेट तिच्या मशीनमध्ये. तो आम्ही शाळेला आणून दिला होता.

पण लावणार कोण? एक सर म्हणाले, "माइक लावून शिकवायला मी काय टीव्हीवर आहे का?" केतकीचे मार्क घसरत गेले. आणि मग प्रिन्सिपल मॅडमचाच फोन… पुढच्या वर्षी तिला स्पेशल स्कूलला घाला, टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, लगेच देतो.

माझी चुलत बहीण सुनंदाअक्का धारवाडच्या कोर्टात वकिली करते. घाबरून तिला फोन लावला. ती भडकलीच. "टीसी कशी काय देतात? दिव्यांगांसाठी कायदा आहे. मान्यता असलेल्या शाळेला अशा मुलांना नाकारता येत नाही. त्यांना शिकायला जे लागतं ती सोयही करून द्यावी लागते. माइक लावणं ही मेहेरबानी नाही रे, तिचा हक्क आहे. थांब, मीच येते."

तर त्या गुरुवारी अक्का आणि मी मॅडमच्या काचेच्या केबिनमध्ये. केतकी बाहेर बाकावर बसलेली. अक्का अगदी शांतपणे, कन्नडमध्ये, एकेक मुद्दा सांगत होती. मॅडमचा चेहरा बदलत गेला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वकील घेऊन आलात? म्हणजे केस करणार आमच्यावर?"

आणि मी काय केलं… उभा राहिलो. हात जोडले.

"सॉरी मॅडम, सॉरी. अक्काला कोर्टाची सवय, मनावर घेऊ नका. माझ्या मुलीमुळे तुम्हा सगळ्यांना त्रास होतो, मला कळतं. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत हेच उपकार. माइकचं राहू द्या."

मॅडम हसल्या, म्हणाल्या, "बघू या." मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू… आज तेच आठवून लाज वाटते.

बाहेर आल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "मी बोलायला नको होतं तर आधी सांगायचंस. पण पोरीच्या वतीनं माफी मागायला तुला कुणी सांगितलं?" आणि धारवाडची बस पकडायला निघून गेली.

आमचं कापडाचं दुकान. समोरचा जरा रागावला की हात आपोआप जोडले जातात. शिवाय भीतीही होती, शाळा चिडली तर राग केतकीवर निघेल. पण खरं सांगतो, ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मला फक्त मॅडमचा राग जायला हवा होता… बस.

केशवापूरला घरी येताना पेट्रोल पंपावर थांबलो. केतकी स्कूटरवरून उतरून माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"अप्पा, तुम्ही सॉरी का म्हणालात? मी काय केलं?"

मी गडबडलो. "तुला कसं कळलं?"

"काचेतून दिसत होतं की. तुमचे ओठ मला सगळ्यात सोपे आहेत." मग जरा थांबून, "मी त्रास देते म्हणालात ना? कुणाला देते?"

मागचा हॉर्न वाजवत होता. मी स्कूटर ढकलत बाजूला नेली. रडली असती तर समजूत तरी काढली असती… ती रडत नव्हती. खरंच विचारत होती.

संध्याकाळी अक्काला फोन केला. ती म्हणाली, "येते. पण या वेळी बोलायचं तू."

शुक्रवारी केतकीला बाहेर बसवलं नाही, आत घेऊन गेलो. "निन्ने हेळिद सॉरी वापस तगोंतीन्री, मॅडम," मी म्हणालो… काल म्हटलेलं सॉरी परत घेतो. केतकी याच शाळेत राहील, माइक लावायला हवा, नाहीतर दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करू, हेही कसंबसं बोललो. अक्का शेजारी गप्प बसून होती.

मॅडमनी पहिल्यांदाच सरळ केतकीला विचारलं, "कुणाच्या तासाला ऐकू येत नाही तुला?"

"सायन्सच्या. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात."

मॅडमनी बेल दाबून सरांना बोलावून घेतलं.

टीसीचा विषय मागे पडलाय. त्यानंतरच्या सोमवारपासून माइक लावतात. सायन्सचे सर अधूनमधून 'विसरतात', मग केतकी उठून तो त्यांच्या हातात देते. अक्कानं तक्रारीचा कागद तयार ठेवलाय, लागलाच तर. मी तिला मॅडमसमोर तोंडघशी पाडलं तरी ती दुसऱ्या दिवशी आली, याबद्दल तिचे आभार मानायलाही मला तोंड नाही.

केतकीची माफी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि अभ्यासाला लागली. माफ केलं का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

शाळेत बसू देतात म्हणून आभार मानत फिरणारे माझ्यासारखे आईबाप बरेच असतील. त्यांना एवढंच सांगतो… आपल्या मुलाच्या असण्याबद्दल कुणाची माफी मागू नका. मी मागितली, आणि माझ्या मुलीनं ते पाहिलं.